आर्तोला घराचं मेण

४ सप्टेंबर

सप्, सप्, सप्. गादीतली लोकर अंगणात पसरून माझी बायको कासिल्दा ती छडीने झोडायची, तो आवाज. आत वर्गात माझी मुलं एका सुरात पाकोळीची कविता म्हणत आणि बाहेर तिची छडी नेमका ताल धरी. चाळीस वर्षं झाली. आज ह्या गावात बसमधून उतरताना तोच आवाज कानात होता. तिला जाऊन तीन वर्षं होतील. इतकं हलकं मला त्यानंतर प्रथमच वाटलं.

भाड्याचं घर छान आहे. खाली रिकामा गोठा, वर दोन खोल्या, खिडकीतून मक्याची शेतं आणि उतारावर वाळत घातलेलं नेचं. ह्या खोऱ्यात माणसाला आडनावाने कुणी विचारत नाही, घराच्या नावाने ओळखतात. तेव्हा दुपारपर्यंत मी ‘आर्तोलाचा म्हातारा’ झालोसुद्धा! शेजारच्या ग्रासियानाबाई घेवड्याच्या दाण्यांचं कालवण आणि मेंढीचं चीज घेऊन आल्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, मास्तर, कवितांनी पोट भरलेलं दिसत नाही तुमचं.

७ सप्टेंबर, रविवार

चर्चच्या फरशीवर प्रत्येक घराची आपली जागा आहे, खाली त्या घरची माणसं पुरलेली. जागेवर हातभर लाकडी फळी, तिच्यावर रिळासारखी गुंडाळलेली मेणाची बारीक दोरी. दर रविवारी थोडी जाळायची. आर्तोलाचं आता कुणी उरलं नाही, म्हणून हे काम घरात राहणाऱ्याकडे, म्हणजे माझ्याकडे. ग्रासियानाबाईंनी घरातल्या सात मृतांची नावं पाढ्यासारखी एका दमात म्हटली. दोरी लाकडापर्यंत जळाली, की ज्याच्या नावाने जाळली तो घरी येतो, असं इथं मानतात. मला हसू आलं. मग आलं नाही.

कासिल्दा शहरातल्या दफनभूमीत, भिंतीच्या चौथ्या खणात आहे. फूल ठेवायलाही शिडी लागते.

सात नावांनंतर मी मनात तिचं घेतलं. पुढच्या रविवारी फक्त तिचंच.

२१ सप्टेंबर, रविवार

ग्रासियानाबाईंना सांगितलं, मी बायकोच्या नावाने जाळतो. त्या भडकल्याच. एवढी पोरं शिकवलीत आणि अक्कल फळ्यावरच पुसून आलात का! जागेला नाव दिलं की जागा ते माणूस ठेवून घेते, देणाऱ्याजवळ काही उरत नाही. आमच्या माणसांचं निराळं. एकाला विसर पडला तर दुसरा सांगतो, ती कशी हसायची, काय रांधायची. तुमच्या बायकोला इथं पाहिलंय कुणी?

म्हणाल्या, थांबवा.

थांबवलं तर ती येणार नाही. मी आजही पेटवलं होतं.

५ ऑक्टोबर, रविवार

तिच्या डोळ्यांचा रंग सकाळभर आठवत बसलो. पाकोळीच्या कवितेच्या सोळाच्या सोळा ओळी आठवल्या.

भीती वाटायला हवी. पण दात काढण्याआधी सुई दिलेल्या हिरडीसारखं झालंय — दाबलं तर कळतं, दुखत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार

पेटीत एक फोटो सापडला. माझ्याशेजारी एक बाई, पांढऱ्या कॉलरची. ग्रासियानाबाई म्हणाल्या, अहो, तुमची बायको ही! नाव काय तिचं?

मी फोटो उलटून पाहिला, मागे काही लिहिलेलं नव्हतं.

त्याच रडायला लागल्या. त्या दिवशीच मी नाव का विचारून ठेवलं नाही, म्हणत. मी रुमाल दिला.

२६ ऑक्टोबर, रविवार

ग्रासियानाबाईंच्या सांगण्यावरून ही वही पहिल्या पानापासून वाचली. कासिल्दा. चांगलं नाव आहे. पुस्तकातल्यासारखं. बहिऱ्याला सांगावं तसं त्या मला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, कासिल्दा, कासिल्दा. दुसऱ्या गावची घंटा ऐकू यावी, तसं —

हात जोडून म्हणाल्या, मास्तर, आज नको. मी म्हटलं, मग आर्तोलाचं काम कोण करणार?

पेटवलं. बोटभर उरलीय.

२ नोव्हेंबर, रविवार. मृतांचा दिवस

लाकूड दिसलं. विझली.

घरी आलो. चुलीवर चेस्टनट भाजतोय. भर दुपार.

दारावर थाप. ग्रासियानाबाई नव्हेत, त्या सरळ आत येतात —

खिडकीतून पाहिलं. कुणी म्हातारी बाई. पायात काही नाही. कधी पाहिलेली नाही. मला नावाने हाक मारते. म्हणते, एलादिओ, एवढं बोलावलंस आणि दार उघडत नाहीस? किती लांबून चालत आले रे.

बिचारी. घर चुकली असेल.

दार थोडं उघडून सांगितलं, बाई, इथं तुमचं कुणी राहत नाही.

माझ्याकडे बघत राहिली. मग उंबऱ्यावरच बसली. म्हणते, तिथलं तर सोडून आले. आता मी कुठे —