तातडीचे! आजच क्लिक करा

३ फेब्रुवारी २०२५
कॉलेजच्या स्टाफला मुद्दाम खोटा मेल पाठवला होता — ‘तपासणी समिती येत आहे, पासवर्ड कळवा.’ निम्म्यांनी कळवला! ही सगळी इंजिनिअरिंग शिकवणारी मंडळी. गुरुदत्त सरांनी तर वर लिहिलं, ‘हा चालला नाही तर बँकेचा टाकून पाहा.’

माणसं खोट्या मेलला का फसतात, यावर माझं दहा वर्षांचं संशोधन. आणि प्रोफेसरच्या एकुलत्या एका जागेसाठी कॉलेजातून अर्ज कुणाचे? माझा, आणि गुरुदत्त सरांचा!

६ फेब्रुवारी
प्राचार्य म्हणाले, सरांना तेवढं शिकवा. तासभर बसवलं. घाई करणारा मेल आला की उडवायचा, लिंकला हात लावायचा नाही. “व्हय मॅडम,” म्हणाले, आणि पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. माणूस लाघवी आहे, राग धरता येत नाही.

१३ फेब्रुवारी
आज मलाच एक आला! ‘तातडीचे!!! प्रोफेसरपदाची मुलाखत. आजच क्लिक करा, अन्यथा संधी जाईल.’ कुठल्याशा जीमेलवरून. चोरांनी अभ्यास मात्र केलाय.

दुपारी चाकणला एका कंपनीत कार्यशाळा होती. तोच मेल पडद्यावर लावला — आदर्श नमुना म्हणून. परचेसचे ज्योतीराम म्हणाले, “मॅडम, आमच्या कंपनीचे खरे मेल बी असेच असतात की!” सगळे हसले. सगळ्यांत जोरात मी.

१८ फेब्रुवारी
कॉलेजच्या ऑफिसातली वर्षाली जिन्यात भेटली. “मॅडम, काल मुलाखतीला आला नाहीत?”

मेल तिनेच पाठवला होता! स्वतःच्या जीमेलवरून. का, तर “तुम्ही पासवर्ड बदलायला लावलात ना, ऑफिसात कुणालाच आठवत नाही.” वर म्हणे, “शंका होती तर एक फोन करायचा!”

फोन करून खात्री करा — हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगते. दुसऱ्यांना.

भक्ती-शक्ती चौकात सिग्नल हिरवा झाला तरी गाडी सुरू करायचं सुचेना. मागचे हॉर्न वाजवत होते आणि मी रडत होते.

१९ फेब्रुवारी
म्हणजे जागा गुरुदत्त सरांना! दिसेल त्यावर क्लिक करणारा माणूस प्रोफेसर होणार. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

२१ फेब्रुवारी
निकाल लागला. जागा बाहेरच्या कुणाला तरी गेली. हे कसं? सर तर गेले असणार.

२४ फेब्रुवारी
सर आज रजेवरून आले. माझ्यासाठी स्वतः चहा घेऊन केबिनमध्ये आले, चेहरा नुसता फुललेला.

“मॅडम, तुमच्यामुळं वाचलो! गावाला निघताना मुलाखतीचा खोटा मेल आला होता. तातडीचे, क्लिक करा... न्हाई म्हटलं! उडवला!”

मेमध्ये ते निवृत्त होतात.

“शाब्बास, सर,” मी म्हटलं.