चाँदमियाँच्या मोटेचं चाक

तीर्थस्वरूप आश्रुबादादांना धोंडीरामचा पुण्याहून दंडवत.

दादा, रचायचं आपण मराठवाड्यानं आणि मिरवायचं दुसऱ्यांनी, हे कुठवर सोसायचं? चाँदमियाँनी आपल्या विहिरीवर मोट हाकत बंदिशी रचल्या. त्यांच्यावरच्या चित्रपटाला मी इथं माहिती पुरवतोय, तर दिग्दर्शक त्यांना महालात बसवत होता! मी तासभर भांडलो.

"अहो पुढारी, हे भाषण तुमच्या सोसायटीच्या सभेत ठोका," म्हणाला. शेवटी मोट घ्यायला कबूल झाला. बैलांना उलट्या पावली मागं आणायचं मीच शिकवलं.

मी मजेत आहे. वहिनींना पाण्यासाठी अजून लांब जावं लागतं का?

पण इथल्या मोटेचं चाक करकरत नाही, आणि चाँदमियाँ त्या करकरीवरच लय धरायचे. आपलं चाक कोरड्या विहिरीवर नुसतं लटकलंय. पत्र मिळताच ते एसटीनं पाठवा. तेल मात्र घालू नका.

तुमचा भांडखोर
धोंडीराम