दलदलीचं राज्य आणि पुण्याचं तिकीट

नागपूर,
७ ऑक्टोबर २०२५

चि. प्रशिक,
जय भीम आणि भरपूर लाड. पत्र पाहून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

दीक्षाभूमीला जाऊन आलो. गर्दीत भावनाने माझा हात सोडला नाही. गुडघा बरा आहे. रोशन कोराडीच्या वीज केंद्रातून ड्यूटी करून येतो आणि राखेने माखलेल्या कपड्यांनिशी सोफ्यावर बसतो. बायको म्हणून भावना बोलते, आई म्हणून मी बोलते, उपयोग शून्य. तू पाठवलेलं पुण्याचं तिकीट मिळालं.

आता गंमत ऐक. तुझा कॉलेजातला तो जादूगार-राक्षसांचा खेळ आठवतो? त्याच्यापायी मी तुझ्या कॉम्प्युटरची वायर पिठाच्या डब्यात लपवली होती! भावनाने तो लॅपटॉपवर टाकला आणि मला शिकवला. ती मनोऱ्यातल्या जादूगारांची राणी, मी दलदलीतल्या अजगरांची. एकीचा डाव चालू असला की दुसरीने तोंड फिरवून बसायचं, तिचा नकाशा पाहायचा नाही. मी कपाटाच्या आरशातून पाहते. "आई, तुम्ही पुन्हा चोरून पाहून राहिल्या!" म्हणून ती ओरडते. परवा मी तिची सोन्याची खाण घेतली, तर पोरगी संध्याकाळपर्यंत फुगून होती. रोशन दारातून विचारतो, "आज पोळ्या भेटतीन का नाही वं आई?" बिचारा कणीक मळायला शिकला.

चित्रं जुनाट आहेत, ठोकळ्यांची. तरी सुटत नाही. धंतोलीच्या दवाखान्यातल्या नोकरीत मी जन्मभर घंटी वाजली की पळाले. इथं सगळे माझ्यासाठी थांबतात. मी बटण दाबल्याशिवाय त्या राज्यात दुसरा दिवस उजाडत नाही. मला फार आवडतं ते.

बाबा गेल्यावर तुम्ही भावांनी ठरवलं, आई सहा महिने इथं, सहा महिने तिथं. मायेनेच ठरवलंत. पण मी त्याच खोलीत बसले होते रे, आणि मला कोणी विचारलं नाही. दर दसऱ्यानंतर निमूट बॅग भरली. तुझ्या घरी काही कमी नाही, सूनबाई तळहाताच्या फोडासारखं जपते. पण सकाळी तुम्ही सगळे गेलात की त्या बाराव्या मजल्यावर मी दिवसभर बंद दाराकडे पाहत बसते. हे तुला कधी सांगितलं नाही.

यंदा मी येत नाही, प्रशिक. तिकीट रद्द कर. इथंच राहिले तर चालेल का, असं दोघांना विचारलं. रोशन म्हणाला, "हे का विचारायची गोष्ट आहे?" भावना म्हणाली, "माझी खाण वापस घेतल्याशिवाय मी तुम्हाले जाऊच नाही देत."

तुला वाईट वाटेल. लिहिताना मलाही रडू आलं. तू मला नकोसा नाहीस, राजा. नाताळच्या सुट्टीत सूनबाईला, पोरांना घेऊन ये. मी पण येईन, मनात येईल तेव्हा, चार दिवस.

पहिल्यांदाच स्वतः ठरवून नागपुरात राहिलेली,
तुझी आई