सगळीकडे शून्य

तीर्थरूप आईस,
पाठ जेवढी वाकू देते तेवढा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. मणक्यांचा संधिवात कुठे गेलेला नाही, पण इंजेक्शनं सुरू झाल्यापासून बुटाच्या नाड्या बांधायला शेजाऱ्याला हाक मारावी लागत नाही. सकाळचा पहिला तास तेवढा सोडून दे.

परवा मात्र घोटाळा केला. दवाखान्यात एक फॉर्म भरून घेतात. पाठ किती आखडते, मोजे चढवताना किती त्रास होतो, शून्य ते दहामधला आकडा लिहायचा. हात मोडलेला असताना "जरा मुरगळलाय" म्हणणाऱ्या बाबांचा मी मुलगा. त्रासाच्या प्रश्नांना सगळीकडे ऐटीत शून्य लिहिलं.

डॉक्टरीणबाई खूश. "छान! मग इंजेक्शनं बंद करून बघू या."

माझं धाबं दणाणलं. "अहो बाई, ते आपलं सभ्यपणानं लिहिलं होतं!"

"सभ्यपणा पाहुण्यांकडे. इथं खरं लिहा."

शरमेनं मान खाली घालावी, तर तीही वाकत नाही. तशीच ताठ ठेवून पुन्हा लिहिलं: पाठ सहा, मोजे पाच. इंजेक्शनं चालू राहिली. फॉर्मच्या शेवटी विचारलं होतं, आयुष्याबद्दल समाधान किती? मी नऊ लिहिलं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हाही सभ्यपणाच का?"

"नाही. या महिन्यात दुकानात अठरा सूट एकट्यानं कापलेत, तेही उभ्यानं. एकही दुरुस्तीला परत आला नाही."

बाईंनी तो नऊ तसाच राहू दिला.

तुझ्या गुडघ्यांचं कळव. "बरे आहेत" चालणार नाही. आकडा पाठव.

तुझा,
धाकटा