काकांसाठी लेथ

दि. ४ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचा खोकला बरा झाल्याचं वाचून आईला हायसं वाटलं. आम्ही दोघं ठीक आहोत. आता मूळ गोष्ट.

दोन वर्षांनी काकांचं पत्र आलं. मायन्यात माझ्या नावाच्या जागी ‘अर्धा इंच’ असंच लिहिलं आहे. वाचनालयाच्या टेबलांचं काम त्यांच्या हाती आलं आहे, अठ्ठेचाळीस कातीव पाय लागणार, आणि त्यांच्या कारखान्यातली, लाकूड फिरवून कातायची जुनी लेथ थकली आहे. नवी कोणती घ्यावी ते मला विचारलं आहे, कारण आपल्यात यंत्रांची माहितीपत्रकं वाचणारा मी एकटाच, असं काकूने त्यांना सांगितलं.

मी काकांकडे कामाला होतो तेव्हाची टेबलं तुम्हांला आठवत असतीलच. काकांनी पायाचं माप तोंडी सांगितलं, अठ्ठावीस इंच. मी ते फळीवर लिहून घेतलं आणि चाळीसच्या चाळीस पाय तेवढेच कातले. हवे होते साडेअठ्ठावीस. गिऱ्हाईक आलं तेव्हा सगळ्या सुतारांसमोर काका म्हणाले की पोराने अर्धा इंच खाल्ला. मी ती फळी आणायला धावलो, तर तिच्यावर रंधा फिरवून झाला होता. तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात माझ्याआधी ते नाव पोचलेलं असतं. मला फर्निचरचं काम कुणी देत नाही. आमच्या जुन्या लांब लेथवर मी हातोड्यांच्या मुठी कातत बसतो.

चार दिवस माहितीपत्रकं ताडून पाहिली. दोन लेथ उरल्या. पहिली साधी, दिसायला किडमिडीत, पण दोन टोकांमध्ये बेचाळीस इंच जागा. टेबलाच्या पायांसाठीच केलेली. दुसरी बिडाची, वजनदार, बादलीएवढ्या घेराचं लाकूड फिरवणारी, बटण पिळलं की वेग बदलणारी. पण टोकांमधली जागा चोवीस इंच. ती वाडगे कातायची लेथ आहे. टेबलाचा पाय तिच्यावर चढणारच नाही.

मी दुसरी सुचवणार आहे. एकही शब्द खोटा लिहिणार नाही. चोवीसचा आकडाही लिहीन. काका मापं वाचत नाहीत, त्यांचं सगळं अदमासपंचे. त्यांनी एकदा तरी त्याच सुतारांसमोर आपल्या तोंडाने चूक कबूल करावी, एवढंच मला हवं आहे. माझे आकडे तेवढे तपासून कळवा. आईला सांगू नका.

तुमचा लोभ आहेच, हे वाचून तो आटू नये.

आपला,
भाचा


दि. ११ मार्च

चि. भाच्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसलो, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. लोक सूड घ्यायचा तर शिव्या देतात, तू माहितीपत्रक पाठवतोस! तुझी आई लहानपणी अशीच होती. मला चिमटा काढण्याआधी हात धुवायची.

आकडे बरोबर आहेत. पण चाळीस वर्षं यंत्रं जोडली म्हणून सांगतो, अशा आखूड लेथला लांबी वाढवायचा जोडतुकडा मिळतो. तो बसला की तुझा बेत बोंबलला. ज्याला जोडतुकडा बसत नाही असंच मॉडेल निवड. हे मी तुला का शिकवतोय? तुझे बाबा गेल्यावर त्या माणसाने तुला असं वाऱ्यावर सोडलं, आणि मी नातं राखायचं म्हणून मूग गिळून बसलो. त्याचा राग आहे, दुसरं काय.

तरी पत्र टाकण्याआधी दोन दिवस घरात राहू दे. रागाचं पत्र शिळं झालं की कधी कधी पाठवावंसं वाटत नाही. मामीला सांगितलं, तर म्हणते की एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा.

तब्येत सांभाळ. आमच्या मायेला माप लावू नकोस.

तुझा,
मामा


दि. १९ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. आपण मला विचारलंत याचा आनंद झाला.

सर्व बाजूंनी विचार करून सोबतच्या माहितीपत्रकातील लेथवर खूण केली आहे. तिचा सांगाडा बिडाचा असल्यामुळे जाड लाकूड लावलं तरी ती थरथरत नाही. वेग हवा तसा कमी-जास्त करता येतो. दोन टोकांमधलं अंतर चोवीस इंच आहे. मोटर दमदार आहे. कारखान्यात शिरणारं गिऱ्हाईक आधी तिच्यापाशीच थबकेल. एवढी देखणी लेथ आसपास कुणाकडे नाही.

मापांचं मी आपल्याला काय सांगणार?

काकूस नमस्कार. कृपा आजवर होती तशीच राहावी.

आपला,
पुतण्या


दि. २२ एप्रिल

चि. बाळास आशीर्वाद.

लेथ आली. उतरवायला सहा माणसं लागली. जो तो तिच्यावरून हात फिरवून जात होता. मग टेबलाच्या पायाचं लाकूड चढवायला गेलो, तर ते वीतभर बाहेर. थोरला सुतार हसून म्हणाला की अर्ध्या इंचाची भूक आता वाढली! सगळे खिदळले. मी तापलो. तुझा कान धरायचा म्हणून तुझं पत्र काढलं, तर त्यात चोवीस स्वच्छ लिहिलेलं. दुकानदाराच्या कागदावरही चोवीस. मीच वाचलं नव्हतं. थोरल्याला गप्प केलं आणि सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं की पोराने बरोबर लिहिलं होतं, चूक माझी आहे.

दुकानदार लेथ परत घेत नाही, आणि लांबी वाढवायचा जोडतुकडाही तिला बसत नाही म्हणतो. तुझ्याकडची जुनी आहे पण लांब आहे. लाकूड पाठवतो, अठ्ठेचाळीस पाय तू कात. वाचनालयाच्या माणसाला तुझं नाव सांगितलं आहे, खरं नाव. वहिनींना नमस्कार. काकू तुझी वाट बघते. ये एकदा, राग धरू नकोस.

तुझा,
काका


दि. २९ एप्रिल

ती. मामांस सा. न. वि. वि.

काकांच्या पत्राची नक्कल सोबत जोडली आहे. मला हवं होतं ते वाक्य त्यात आहे, सुतारांसमोर म्हटलेलं. फक्त ज्या चुकीसाठी ते म्हणाले, ती त्यांची नाही. त्या चाळीस पायांबद्दल मात्र एक अक्षर नाही.

खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्यांनी आपली चूक माझ्या अंगावर ढकलली, मी माझी त्यांच्या. फिटंफाट. पहिले दोन दिवस मी शीळ घालत काम केलं. लाकूड आलं आहे, अकरा पाय कातून झाले, एकसारखे उतरले. मी त्यांना काही सांगणार नाही. कधीच नाही.

पण ते पत्र आईच्या हाती लागलं. ती म्हणते, दिराला मी उगाच कठोर समजले. शेजारच्या दोन घरी जाऊन तिने ‘चूक माझी आहे’ एवढं मोठ्याने वाचून दाखवलं. रोज जेवताना मला सांगते की चूक कबूल करायला छाती लागते, काकांकडून शीक. मी हो म्हणतो. आजही म्हणालो.

आता टपाल तीच घेते, तुमचं उत्तरही तीच उघडेल. म्हणून कृपा करून फक्त तब्येतीचं लिहा. लोभ असावा हे शब्द आज एकदा खोडले, तरी पुन्हा लिहितो आहे.

आपला,
भाचा