बुरुजाला जोडलेले हात

अण्णा, आज दुपारी माझ्या हातून फोन इडलीच्या पिठात पडला. हसू नका, तुम्हीच लावलेल्या सवयीने पडला.

तुम्ही न पाहिलेली तुमची नात दुबईत असते. तिथला तो ढगांत घुसलेला बुरूज तुम्ही गेल्यानंतर उभा राहिला. आपलं कुंभकोणम् म्हटलं की देवळाचं गोपुर, तसं दुबई म्हटलं की तो. त्याच्या बाहेरच्या काचा दोरावर लोंबकळत तपासायच्या, हे तिचं काम. वर जाण्याआधी तिने फोनवर तोंड दाखवलं. मी स्वयंपाकघरात, तुमची सून पीठ फेटत बसलेली. “वारा सुटलाय अप्पा, पण आज मीच उतरणार. शेंडा दिसतो का बघा!” म्हणत तिने फोन वर वळवला. बुरूज चढतोय, चढतोय, संपतच नाही. आणि मी पुन्हा लहान झालो. तिरुनागेश्वरम्‌हून परतताना बसच्या खिडकीतून गोपुर दिसतं, मी बोट दाखवतो, तुम्ही त्या बोटावर टिचकी मारता. “बोट कसलं दाखवतोस? दोन्ही हात जोड!” आजही माझे दोन्ही हात जोडले गेले, अण्णा, आणि फोन सुटला.

“अहो, जोडायचेच होते तर फोन आधी माझ्याकडे द्यायचा!” तुमची सून ओरडली. फोन बाहेर काढला, पुसला, उन्हात ठेवला. गेला तो गेलाच. लेकीचा नंबर त्यातच. वर्गात तुम्ही म्हणवून घेतलेल्या कविता मला अजून घडाघडा येतात, तिचा नंबर येत नाही. मग दोघं ओसरीवर बसलो. समोरच्या नारळाची झावळी हलली तरी सून माझ्याकडे बघे. “तिथला वारा वेगळा,” मी म्हणालो. “तुम्हाला काय ठाऊक?” ती म्हणाली. तेवढंच बोलणं. कॉफीवर साय धरली.

दिवेलागणीला शेजारच्या मामी स्वतःचा फोन घेऊन धावत आल्या. “अप्पा, तुम्हाला काय झालं?” फोनवर लेक रडत होती. “हात जोडलेत आणि एकदम सगळं पांढरं! माझे हात थरथरायला लागले. अशा हातांनी दोर बांधत नाहीत. माझ्या जागी दुसरा उतरला.” मी पिठाचं सांगितलं. ती रडता रडता हसली, सुनेने फोन हिसकावला, “मेली, जेवलीस का?” म्हणाली, आणि मामी डोळे पुसत घरी गेल्या.

आता गच्चीवर बसलोय. समोर गोपुर आहे, हात जोडवत नाहीत. तो दुसरा, कुणाचा तरी मुलगा, सुखरूप खाली पोचला का, हे मी विचारलंच नाही. आधी मामींचं दार वाजवायला हवं, अण्णा, आणि मी तुम्हाला लिहीत बसलोय.