कूलरचा पंप आणि सासऱ्यांची गाडी

४ मे, रविवार
सासरे बाबनराव उमरेडहून आले, गाडी माझ्याकडे सोडून गेले. मरून रंग, चौदा वर्षं जुनी. पुढच्या रविवारी मेहुणी काजलचं लग्न इथंच, बिदाई याच गाडीतून. पॉलिश मी करतो, असं मीच म्हटलं. अकरा वर्षांत सासऱ्यांनी मले एकदाही शाब्बास म्हटलं नाही. या वेळी म्हणतीलच.
संकल्प: रोज एक बाजू. शुक्रवारी गाडी रेडी.

५ मे, सोमवार
उजवीकडचा मागचा दरवाजा केला. काय चमकला राजा! त्यात पाहून मिशी विंचरली.
पण पॉलिश घासायच्या मशीनचे तिन्ही स्पंजचे पॅड चिक्कट. कामिनी म्हणे, द्या इकडे, नळाखाली पाच मिनिटांत धुऊन देते. बायको चांगली आहे, पण टेक्निकल नाही. पॅड धुवाले वॉशर पाहिजे. बादली, आत जाळी, खालून फवारा, वरून मशीननं पॅड फिरवायचा. यूट्यूबवर पाहिलं. एका संध्याकाळचं काम.

६ मे
बादली झाली. जाळीही झाली. कामिनीची पुरणाची चाळणी आहे. तिले सांगायचं राहिलं.

७ मे, दुपार
फवाऱ्याले पंप पाहिजे. महालच्या बाजारात जायले निघालो, ऊन पाहून सक्करदऱ्यातूनच परतलो. कूलरसमोर बसलो आणि ट्यूब पेटली. पंप तर समोरच आहे! काढला. दोनच दिवसांचा तर प्रश्न.

८ मे. ४५ डिग्री.
पहिली ट्रायल, साबणाच्या पाण्यानं. रबरी चप्पल घातली, सेफ्टी फर्स्ट. फवारा जबरदस्त. थोडा माझ्यावर, बाकी शेजारच्या पुष्पलताकाकूंच्या कुरड्यांवर. काकू जे बोलल्या ते इथं लिहीत नाही.
कूलर गरम हवा काहून फेकून राहिला, असं कामिनीनं दोनदा विचारलं. म्हटलं, वाळ्याच्या ताट्या जुन्या झाल्या.
गाडीचं उद्या नक्की.

९ मे, शुक्रवार
वॉशर चालला! पॅड एकदम नव्यासारखे. अंगणात नाचलो मी. फक्त पॅडच्या मागचं वेल्क्रो सुटलं, तिन्हींचं. आता ते मशीनले चिकटत नाहीत. क्वालिटीच खराब.
संध्याकाळी सासरे मुक्कामाले आले, घामानं निथळत. कूलरसमोर बसले, मग उठून कूलरच्या आत पाहिलं. मग माझी बादली पाहिली. पंप काढला, कूलरमध्ये बसवला. मले स्क्रू फिरवायचा पेचकस धरून उभं केलं.

१० मे
सकाळी कूलरच्या ताट्यांतून फेस, पंपात साबण-पॉलिश राहिलं होतं. सासरे म्हणे, रात्रभर गॅरेजात झोपल्यासारखं वाटलं.
गाडी हातानं घासाले बसलो. पण मग मेहंदी होती. मले मेहंदी काढायची नव्हती, तरी घरचा जावई पाहिजे ना.

११ मे, रविवार
लग्न लागलं. मांडवापुढे गाडी सासऱ्यांनी स्वतः लावली. माझा दरवाजा भिंतीकडे! मी धावतच गेलो. म्हटलं, मामाजी, उलटी लावा, चमक तर त्या बाजूले आहे.
ते म्हणाले, जावईबापू, त्या दरवाज्यामुळंच बाकी गाडी भंगार दिसून राहिली. भिंतीकडेच राहू द्या.
फार वाईट वाटलं. जेवणात दोनच जिलब्या घेतल्या.
बिदाईले काजल रडत रडत दुसऱ्या बाजूनं बसली. शालूले दाराची धूळ लागली. सासऱ्यांनी खिशातलं फडकं काढून ती झटकली आणि फडकं माझ्या हातात देऊन गेले.
त्या दरवाज्यापुढं बाकी गाडी भंगार, म्हणजे दरवाजा चमकतो, हे त्यांनी मान्य केलं. शाब्बास घाईत राहून गेलं असेल.